आठवड्यातले पाच तास

शनिवारी सकाळी सहाला हिंजवडीचे रस्ते रिकामे असतात. एरवी ज्या चौकात माझी चाळीस मिनिटं जातात, तो दीड मिनिटात मागे पडतो. माणच्या पुढे इमारती विरळ होत जातात, घोटवड्याच्या बाजूला भातखाचरं दिसायला लागतात आणि डांबरी रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याच्या शेडची एक छोटी पागा लागते. सात घोडे, दोन कुत्री, एक म्हैस. त्या सातांतली एक घोडी अर्धी माझी आहे.

अर्धी म्हणजे मालकी पागेवाल्यांची. पण तिचा चारा, चंदी, नाल आणि डॉक्टर यांचा निम्मा खर्च मी देते. त्या बदल्यात शनिवार-रविवारी येणारे हौशी लोक तिच्यावर बसत नाहीत आणि तिला शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. हे ठरलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, नोकरीला तीन वर्षं झाली होती, आणि आठवड्यातून पाच तास काढणं काही अवघड नाही असं मला वाटत होतं. मंगळवारी आणि गुरुवारी घरून काम, म्हणून सकाळी पाऊण-पाऊण तास. शनिवारी दीड, रविवारी दोन. मी एक्सेल शीटसुद्धा केली होती.

घोडीचं नाव राणी. पांढरीशुभ्र, मारवाडी रक्ताची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतील अशी. पागेत यायच्या आधी ती वरातीची घोडी होती. आईला हे कळलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ हसत होती. "वरातीच्या घोडीवर नवरदेवाच्या आधी नवरीच जाऊन बसली," असं तिने सांगलीतल्या निदान चार मावश्यांना सांगितलं.

वरातीची घोडी म्हणजे शांत, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. बँड, फटाके, जनरेटरची गाडी, अंगावर येणारी गर्दी, यातलं काहीच तिला नवीन नव्हतं. मागून ट्रक हॉर्न मारत गेला तरी ती कान हलवायची नाही. पण पहिल्यांदा तिला एकटीला रानातल्या पायवाटेवर नेलं तेव्हा शंभर पावलांवर ती थांबली. टाच मारली, जिभेने टकटक केलं, काही नाही. मान वळवून ती माझ्या बुटाकडे बघत राहिली. मोतद्दार मामा मागून चालत आले, तिच्या तोंडापाशी उभे राहिले आणि चालायला लागले. राणी निमूट त्यांच्या मागे.

"ताई, हिला पुढं मानूस लागतो," मामा म्हणाले. "आजवर कुनीतरी धरूनच चालवलीय."

बरोबरच होतं. वरातीत घोडीच्या तोंडाशी कायम एक माणूस असतो. पाठीवरचा नवरदेव नुसतं ओझं. त्याचं ऐकायचं नसतं. राणीला चालायला येत होतं, थांबायला येत होतं, पण पाठीवरून काही सांगितलं जातं ही कल्पनाच तिला नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची होती. लगाम ताणला की राणी नाचायची. वरातीत तेच तर करायचं असतं: पुढे जायचं नाही, जागच्या जागी पाय उचलायचे. पायवाटेवर एखादं कोल्हं आडवं गेलं, किंवा पॉलिहाउसचा फाटका प्लास्टिक कागद फडफडला, की मी घाबरायचे. घाबरले की लगाम ताणला जायचा. लगाम ताणला की राणी नाचायला लागायची, त्यामुळे मी आणखी घाबरायचे आणि आणखी ताणायचे. कोडमध्ये असं चक्र सापडलं तर मी पाच मिनिटांत तोडते. इथे ते तोडायचं म्हणजे साडेतीनशे किलोचं जनावर खाली उसळत असताना हात पुढे करून लगाम ढिला सोडायचा. डोक्याला कळलेलं हाताला कळायला मला चार महिने लागले.

घोड्याला शिकवण्याची मूळ गोष्ट तशी सोपी आहे. तुम्ही दाब देता, पायाचा, दोरीचा किंवा नुसत्या उभं राहण्याचा. घोडा काहीतरी करून बघतो. तुम्हाला हवं त्याच्या जवळपास जाणारं काही त्याने केलं, की त्या क्षणी दाब काढायचा. तो शिकतो ते दाब सुटण्याच्या क्षणातून. दोन सेकंद उशीर झाला तर तो त्या दोन सेकंदांत जे करत होता तेच शिकतो. म्हणजे तुम्ही पाठीवर बसून ऑफिसच्या मेलचा विचार करत असाल, तरी शिकवणं चालूच असतं, फक्त भलतंच.

म्हणून मी पाठीवर बसणं कमी केलं. मंगळवार-गुरुवारच्या पाऊण तासातली पंधरा मिनिटं खरारा करण्यात आणि खूर साफ करण्यात जायची, वीस मिनिटं लांब दोरीवर. आधी तिच्या तोंडापाशी चालायचं, मग खांद्यापाशी, मग पोटापाशी, मग शेपटीच्या जरा बाजूला. दर आठवड्याला एक-दोन पावलं मागे. पुढचा माणूस हळूहळू पुसून टाकायचा, असा हा बेत. सहाव्या महिन्यात राणी रिकाम्या वाटेवर माझ्यापुढे आपणहून चालली. त्या दिवशी दहाच्या मीटिंगमध्ये मी काय बोलले ते मला आठवत नाही.

याच काळात मला एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचायला मिळालं. 1980 साली प्रसिद्ध झालेला, तट्टांवर केलेला. काही तट्टांना रोज शिकवलं, काहींना आठवड्यातून दोनदा, काहींना फक्त एकदा. आठवड्यातून एकदाच शिकवलेली तट्टं रोजच्यांपेक्षा कमी सत्रांत शिकली. एकूण दिवस अर्थातच जास्त लागले, पण प्रत्येक सत्राचं फळ जास्त मिळालं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तोवर पागेतल्या रोज येणाऱ्या लोकांसमोर मला कायम चोरट्यासारखं वाटायचं. आता माझ्या पाच तासांना विज्ञानाचा आधार होता. मी तो प्रयोग मामांनासुद्धा समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेणाची पाटी उचलून गेले.

त्या प्रयोगातून मी स्वतःच्या सोयीचं तेवढंच घेतलं होतं. शिकलेली गोष्ट घोड्याच्या डोक्यात राहते, हे खरं. महिनाभराने गेलात तरी ती तिथेच असते. पण दम साठवून ठेवता येत नाही. स्नायू, आणि त्याहून जास्त पायातल्या नसा, यांना नियमित काम लागतं. गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायात स्नायू जवळजवळ नसतोच. सगळा भार त्या लांब नसांवर असतो. तो प्रयोग शिकण्याबद्दल होता. पायांबद्दल त्यात काही नव्हतं.

मागच्या वर्षीच्या सप्टेंबरात आमचं एक मोठं रिलीज होतं. रात्री अमेरिकेचे कॉल, शनिवारी डिप्लॉयमेंट, रविवारी आदल्या दिवशीच्या डिप्लॉयमेंटची निस्तरानिस्तर. जवळजवळ तीन आठवडे मी पागेत गेले नाही. राणी शेडमध्ये किंवा बाहेरच्या छोट्या कुंपणात उभी होती. मग दसरा आला. दसऱ्याला पागेत घोड्यांची पूजा असते. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा. ऊन स्वच्छ होतं, भात पिवळं पडायला लागलं होतं, आणि तीन आठवड्यांची भूक माझ्या अंगात होती. मी खोगीर चढवलं आणि थेट धरणाच्या बाजूला निघाले. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर, त्यातलं बरंच दुडक्या चालीने, चढावर एकदा भरधाव.

राणी त्या दिवशी जशी चालली तशी ती आधी कधीच चालली नव्हती. एकदाही थांबली नाही, एकदाही नाचली नाही. मला वाटलं, दीड वर्षाच्या मेहनतीचं हे फळ. परत येताना शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये तिचं डोकं चालीबरोबर किंचित खालीवर होत होतं. ते मला दिसलं होतं, हे इथे लिहिलं पाहिजे. दिसलं, आणि दमली असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. पुढच्या उजव्या पायाची मागची नस सुजली होती, हात लावला तर गरम. डॉक्टर आले, सोनोग्राफी झाली. नस तुटली नव्हती, पण ताणली गेली होती. आधी पूर्ण विश्रांती आणि गार पाणी, मग दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं हातात धरून चालवणं, हळूहळू वाढवत. चार महिने पाठीवर कोणी बसायचं नाही.

मी मान हलवली. मग मनात हिशोब केला आणि गप्प झाले. रोज वीस मिनिटं, एकशेवीस दिवस. कमीत कमी चाळीस तास. माझे आठ आठवडे. मी एका दिवसात उधळलेला वेळ मला स्वतःला फेडता येणार नव्हता. तो मामा फेडणार होते, सहा घोड्यांचं काम सांभाळून.

मामा मला काही बोलले नाहीत. एकदाच, मी तिसऱ्यांदा सॉरी म्हटल्यावर म्हणाले, "ताई, तुमचा आठवडा तुम्हास्नी ठावं. तिला इतवार कुठं ठावं? तिला रोज रोजच हाय."

पुढचे चार महिने मी शनिवार-रविवारी जात होते, तिला धरून दहा मिनिटं चालवत होते आणि परत येत होते. जायला-यायला दीड तास, घोडीबरोबर वीस मिनिटं. दोनदा मनात आलं, सोडून द्यावं. निम्मा खर्च देत राहावं, किंवा तोही थांबवावा आणि ज्याच्याकडे वेळ आहे अशा कोणाला तरी ती मिळू द्यावी. हा विचार चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. आपल्याला एखादं जनावर आवडतं, एवढ्याने आपण त्याच्या कामाचे होत नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी हलकं बसायला परवानगी दिली. त्या रविवारी मी पोचले तर शेडमध्ये राणी नव्हती. पागेच्या मागे, दोनशे पावलांवर, एक ओढा आहे. खाली बंधारा असल्यामुळे तिथे उन्हाळ्यातही गुडघाभर पाणी असतं. त्या ओढ्याने मला आधीचं दीड वर्ष छळलं होतं. राणी डांबरावर वाढलेली. पाण्याच्या काठावर आली की तिचे पाय जमिनीत रुतायचे. मी दोरी, चारा, पुढे दुसरा घोडा, सगळं करून पाहिलं होतं. फार तर पुढचा एक खूर ओला व्हायचा.

राणी त्या ओढ्याच्या मधोमध उभी होती. पाठीवर, खोगीर न घालता, मामांची नववीतली मुलगी. हातात नुसती दोरी, तीही ढिली. दोघी पाण्यातून पलीकडे गेल्या, वळल्या आणि परत आल्या.

मला आधी राग आला, हे कबूल करते. मग हेवा वाटला. मग मी मुलीला विचारलं, "कसं काय जमलं गं?"

"काय जमलं, ताई?" तिला प्रश्नच कळला नाही.

हळूहळू उलगडलं. नसेला गार पाणी द्यायचं होतं. पहिला आठवडा मामांनी पाइपने दिलं. मग मोटार बिघडली, म्हणून ते तिला ओढ्यावर न्यायला लागले. पहिले काही दिवस काठाच्या चिखलात, मग घोट्याएवढ्या पाण्यात. मुलगी शाळेतून आली की संध्याकाळची पाळी तिची. राणीला पाण्यात उभी करून ती काठावरच्या दगडावर बसून गृहपाठ करायची. रोज पंधरा मिनिटं, काही न मागता. जी गोष्ट मी दीड वर्ष शिकवत होते, ती कोणी शिकवत नसताना राणी शिकली होती. सुजलेल्या पायाला गार पाण्याने बरं वाटतं, हे तिला सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी पागेवाले, मामा आणि मी चहा घेत बसलो आणि नवा करार केला. सोमवार ते शुक्रवार राणीचं चालणं-फिरणं मुलीकडे. त्याचे तिला महिन्याला पैसे, माझ्याकडून. तिच्या मापाचं हेल्मेटही मी आणलं. ते घातल्याशिवाय बसायचं नाही, ही मामांची अट. परीक्षेच्या दिवसांत मामा बघतील. मंगळवार-गुरुवारचा माझा पाऊण तास तसाच. फक्त आता मी आधी तिला विचारते, काल काय केलंत. माझा स्वतःसाठीचा नियम एकच: दोन आठवडे चुकले, तर पहिल्या दिवशी अर्धा तास, फक्त चाल. मोकळं रान असो, नाहीतर दसरा असो.

घोडी आता अर्धी माझी राहिलेली नाही, फार तर पाव असेल. अजून कधी कधी ते टोचतं. मुलगी शीळ घालते तेव्हा राणी जशी मान वर करते, तशी ती माझ्या गाडीच्या आवाजाला करत नाही.

गेल्या शनिवारी आम्ही तिघी ओढ्यापलीकडे गेलो. मी राणीवर, मुलगी मागून दुसऱ्या घोड्यावर. काठावर राणी थांबली. हात लगामाकडे ओढले जात होते, मी ते पुढे केले. तिने मान खाली घालून पाणी हुंगलं, एक घोट प्यायली आणि उतरली. मागून आवाज आला, "ताई, मान वर ठिवा, खाली बघू नका."

मी मान वर ठेवली.