आपलं जाणं, आपलं येणं

मेहकरला रेल्वे नाही. जालना–खामगाव लोहमार्गाची गोष्ट माझ्या वडिलांनी ऐकली, मी ऐकली, आता नातवंडं ऐकताहेत. रूळ पाहायचे तर खामगाव-शेगाव गाठावं लागतं, नाहीतर अकोला, वाशीम किंवा जालना. आणि तिथवर जायचं तेही एसटीनंच. पैनगंगेच्या काठच्या या गावाचं सगळं येणं-जाणं एसटीच्या भरवशावर वाढलं. लेकी नांदायला गेल्या त्या एसटीनं, पोरं कॉलेजात गेली ती एसटीनं. कोर्टाच्या तारखा, बाजाराची पोती, दवाखान्यातल्या माणसाचा डबा, सारं तिच्या टपावर नि पोटात बसून गेलं.

सकाळी लवकर बसस्थानकावर उभं राहिलं की तालुका समोर येतो. रात्री खेड्यांत मुक्कामाला गेलेल्या गाड्या परतत असतात. काचांवर दव असतं, टायरांना तिकडच्या शिवाराची काळी माती. जानेफळकडची गाडी दप्तरांनी भरून येते, डोणगावकडच्या गाडीतून भाजीची गाठोडी उतरतात. सोयाबीनच्या दिवसांत विळे फडक्यात गुंडाळलेल्या बाया उलट्या दिशेच्या गाडीत चढत असतात. आणि या सगळ्यांत, कुठलीही गाडी आली तरी, सर्वांत शेवटी उतरणारी दोन-चार म्हातारी माणसं असतात. एका हातानं दांडा धरायचा, आधी काठी खाली टेकवायची, मग एक पाय, मग दुसरा. पिशवीत औषधाचा कागद, बँकेचं पुस्तक, नाहीतर शारंगधर बालाजीला वाहायचा नारळ. 1888 साली जमिनीतून वर आलेल्या त्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीसमोर हात जोडून, गोळ्या घेऊन, पेन्शनची चौकशी करून ही माणसं दुपारच्या गाडीनं परत जातात. मी आता त्यांच्यातलीच एक आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी उभी नोकरी केली, आणि ती बहुतेक सगळी एसटीनं येऊन-जाऊन केली. तेव्हा कंडक्टरच्या हातात रंगीत तिकिटांच्या गड्ड्यांचा पत्र्याचा ट्रे असायचा, दुसऱ्या हातात पंच. त्याच्या टकटकीवरून तो गाडीत कुठवर आलाय ते न बघता कळायचं. पण त्या दिवसांतला प्रवास आठवला की आठवतं ते फक्त घड्याळ. हजेरीपटावरची सही, सुटलेली गाडी, अर्धवट राहिलेला चहा. गाडी म्हणजे वेळ गाठायची धडपड होती. खिडकीबाहेर काय होतं ते त्या काळात मी पाहिलंच नाही.

आता पाहते. सुलतानपूरवरून लोणारकडे वळलं की तुरीच्या ओळी कुठवर आल्यात, हरभरा कुणी आधी टाकला, कुठली विहीर या वर्षी फेब्रुवारीतच तळाला गेली, हे सगळं दिसतं. लोणारचं सरोवर पाहायला देशोदेशीची माणसं येतात. उल्का आदळून झालेलं ते विवर, गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ, याची चित्रं मीही वर्गात मुलांना दाखवली. आज मात्र लोणारची गाडी मला लागते ती लेकीच्या घरासाठी. थांब्यापासून तिचं घर माझ्या चालीनं अगदी बेताच्या अंतरावर आहे, आणि ते अंतर मी एकटी चालते. ते चालणं मला प्रवासाइतकंच प्रिय आहे.

घरात मायेची माणसं आहेत. मुलगा म्हणतो, "आई, तू फक्त सांग, मी सोडतो." तो मनापासून म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण सोडायला आलेल्या माणसाच्या वेळेत जावं लागतं आणि त्याच्याच वेळेत निघावं लागतं. जानेफळला धाकट्या बहिणीकडे गेले, की आमचं खरं बोलणं दुसऱ्या चहानंतर सुरू होतं. आधी तब्येतीचं, मग लेकरांचं, मग जी माणसं गेली त्यांचं. अशा वेळी दारात कुणी मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत उभं असलं, की पोटातलं पोटातच राहतं. त्याचा त्यात काही दोष नाही. त्याचं दुकान आहे, त्याचा दिवस आहे. म्हणून मी एसटीनं जाते. बहीण म्हणते, "पाचच्या गाडीनं जाय न." मी पाचच्या गाडीनं जाते. ते आमच्या दोघींचं ठरलेलं असतं, त्यात तिसऱ्याला काही विचारावं लागत नाही.

या वयात मला एसटीबद्दल सांगायचं आहे ते एवढंच. दुसऱ्यावर अवलंबून राहणं म्हातारपणाला चुकत नाही. पण सगळा भार एकाच माणसावर टाकणं वेगळं आणि तो पन्नास जणांवर थोडाथोडा टाकणं वेगळं. गाडीत चढले की मी ड्रायव्हरवर अवलंबून असते, कंडक्टरवर असते, पिशवी वर ओढून घेणाऱ्या पोरावर आणि सरकून बूडभर जागा देणाऱ्या बाईवर असते. त्यातल्या कुणालाही माझं ओझं होत नाही, मलाही मिंधेपण येत नाही. उतरताना सगळं फिटलेलं असतं. घरातल्या माणसाची मदत मनात साठत जाते, तिचा हिशेब कुणी मागत नसलं तरी आपण ठेवतोच. एसटीतली मदत थांब्यावर उतरून जाते.

आणि गाडी काही नुसती नेत नाही, भेटवतेही. शेजारी येऊन टेकलेली बाई आधी माझ्याकडे निरखून पाहते. "काऊन वं बाई, बऱ्याच दिसानं?" मी गुडघ्याचं सांगते. ती तिच्या कमरेचं सांगते. पुढच्या थांब्यापर्यंत कुणाच्या घरी कार्य निघालं, कोण दवाखान्यात आहे, कुणाची वाटणी झाली हे कळून जातं. तिचं नाव मला माहीत नसतं, तिला माझं. ती मला बाई म्हणते, कारण तिच्या पोराला मी शिकवलेलं असतं. पोराचं नाव निघालं की मला त्याचा बाक आठवतो, त्याचं अक्षर आठवतं. नोकरी सुटल्यावर घराच्या चार भिंतींत मला पुष्कळ जण आई म्हणतात, आजी म्हणतात. बाई म्हणणारं माणूस मला गाडीतच भेटतं.

शरीराला मात्र हा प्रवास शिकावा लागतो. गाडीची पहिली पायरी उंच असते. गुडघ्यांनी साथ सोडली की ती आणखी उंच होते. दांडा दोन्ही हातांनी धरायचा, म्हणून पिशवी आधी वर द्यायची. मागच्या चाकावरची जागा टाळायची, तिथला हादरा मणक्याला लागतो. गाडी पुरती थांबल्याशिवाय उठायचं नाही. कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं, "दादा, मला उतरायला वेळ लागते," म्हणजे तो माझा पाय जमिनीला लागल्यावरच डबल बेल देतो. आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या वयाच्या बाया एकमेकींना सांगतात आणि बाहेर कुणाला सांगत नाहीत. प्रवासाच्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत जायला जागा मिळेल की नाही याची धास्ती असते. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या, वैशाखात गाडी धरणाऱ्या बायाही कोरड्या घशानं बसून राहतात. थांब्यावर स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह असणं ही म्हाताऱ्या बाईच्या औषधोपचारातलीच एक गोष्ट आहे, असं मी मानते.

सकाळच्या गाडीत मला जागा देतात त्या शाळेच्या मुली. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, एक हात दांड्याला. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. मी शिकवत होते तेव्हा गावात सातवीपर्यंतच शाळा होती, आणि हुशार मुलींच्या आयांना मी दारोदार जाऊन विनवत असे. उत्तर एकच मिळायचं: "बाई, रोज आणाले-नेवाले कोण जाईन?" पोरीच्या हुशारीबद्दल कुणालाच शंका नव्हती, आणि तरीही तिची पाटी फुटायची. आज तशाच पोरी, आपल्या पायांनी, आपल्या पासावर गाडीत चढतात. त्यांच्यातली एखादी उठून "आजी, बसा," म्हणते तेव्हा मला दिसतं, की तिची नि माझी अडचण एकच होती. घरातलं कुणी तरी आपलं काम सोडून बरोबर येईल, तेव्हाच आम्हाला घराबाहेर पडता येणार होतं. गाडीनं आम्हा दोघींची ती गाठ सोडवली. एकीला चौदाव्या वर्षी, एकीला पंचाहत्तरीनंतर.

राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता; आम्ही मुंबई राज्यात आलो ते 1956 साली. पुढे 'गाव तिथे एसटी' म्हणत ती आमच्या फाट्यांवरही आली. वयाची पासष्टी झाली तेव्हा माझं तिकीट अर्ध्यावर आलं. 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर एसटी मोफत झाली, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. आता कंडक्टर आधार कार्ड पाहतो, यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट काढतो आणि माझ्या हातात देतो. मी ते जपून पर्समध्ये ठेवते. ते हातात असताना गाडीत माझी जागा पैसे देणाऱ्याइतकीच पक्की आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या शून्याची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देतं. म्हणजे तिकीट कुणी तरी भरलेलंच असतं. कर भरणाऱ्या सगळ्यांनी मिळून भरलेलं असतं.

पण तिकीट शून्य झालं म्हणून प्रवास झाला असं होत नाही. त्यासाठी गाडी यावी लागते. 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. चालक-वाहकांच्या मागण्या पोटाच्या होत्या, आणि ज्यांच्या हातून मी आयुष्यभर सुखरूप घरी आले त्यांचं दुःख मला परकं नव्हतं. त्या महिन्यांत तरुण माणसं काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून, मोटारसायकलवर तिघं बसून गेली. म्हातारी माणसं गेली नाहीत. त्यांनी डोळ्यांची तपासणी पुढे ढकलली, भावाच्या घरचं कार्य फोनवर ऐकलं, बाराव्याला जाणं राहून गेलं. कुणी तक्रार केली नाही. म्हातारं माणूस घरात थांबलं तर ते थांबलंय हे कुणाच्या लक्षात येत नाही, घरच्यांना उलट त्याची काळजी मिटल्यासारखं वाटतं. आत मात्र माणूस आटत जातं. संपानंतर पहिल्यांदा बहिणीकडे गेले तेव्हा आम्हाला बोलायला विषय सापडेना, इतकी भेटण्याची सवय मोडली होती.

आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते मुंबई, 701 किलोमीटर. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला, जून 2025 मध्ये शेवटचा. रस्ता देखणा आहे, माझा भाचा त्यावरून काही तासांत नागपूर गाठतो आणि मला त्याचा आनंदच आहे. पण त्या रस्त्यावर फाटा नाही. तिथं झाडाखाली उभं राहून कुणी हात करत नाही आणि कुणासाठी गाडी थांबत नाही. त्याच्या खालून, आडवा, आमचा गावरस्ता जातो. त्या गावरस्त्यावर गाडी किती वेळा येते, यावर एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आठवडा ठरतो. दूरच्या गावी लवकर पोचणं ही एक गरज आहे, जवळच्या गावी रोज पोचता येणं ही दुसरी. दुसरीचं उद्घाटन होत नाही, म्हणून ती विसरली जाते.

फेऱ्यांचा हिशेब मांडताना गाडीत किती प्रवासी बसले ते मोजलं जातं. ते मोजावंच लागतं, डिझेल फुकट येत नाही. तरी त्या आकड्याशेजारी आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी असं मला वाटतं: ही फेरी नसती तर यांतलं कोण घरीच बसलं असतं. दुपारच्या रिकाम्या दिसणाऱ्या गाडीत जी सहा-सात डोकी असतात, त्यांतली बहुतेक पांढरी असतात, आणि त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं. मोटारसायकलवर त्यांना बसवत नाही, ऑटोला पैसे परवडत नाहीत, मोबाइलवर गाडी बोलावणं त्यांना जमत नाही आणि जमलं तरी आमच्या खेड्यात ती येत नाही.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक गावाला सकाळी नेणारी एक गाडी असावी आणि दिवेलागणीच्या आत परत आणणारी एक. थांब्यावर सावली असावी, बसायला ओटा असावा, पाणी नि स्वच्छतागृह असावं. चढायची पायरी म्हाताऱ्या गुडघ्याला झेपेल इतकी खाली असावी. एवढं झालं तर सवलतीच्या कागदाला अर्थ आहे. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला हवं, असं सगळेच म्हणतात आणि ते खरंही आहे. पण आम्हाला नुसतं सांभाळून घेतलेलं नको असतं. बहिणीकडे दुसरा चहा घेऊन, बोलणं पुरं करून, आपल्या मनानं उठावं आणि आपल्या पायांनी गाडीत चढावं, एवढं आमच्या हाती राहू द्यावं. जोवर हे हाती आहे तोवर मी कुणाची आई, कुणाची आजी असण्याबरोबर माझीही आहे.