डोंगरासाठी सोडली मुंबई

माणसे पोटासाठी मुंबईत येतात. आमचे आजोबाही पोलादपूर तालुक्यातून असेच आले, गिरणीत लागले, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आमच्या तीन पिढ्या वाढल्या. ती मुंबई सोडून २०१३ साली आम्ही नाशिकला बदली मागून घेतली, तेव्हा कचेरीत नाना तर्क झाले. कुणी म्हणाले, घरात भावाभावांचे बिनसले असेल. कुणी म्हणाले, साहेबाशी वाजले असेल. खरे कारण आम्ही सांगत होतो, पण ते कुणाला पटत नव्हते. आम्हाला डोंगर हवे होते, एवढेच ते कारण.

वाचक म्हणतील, हे पोट भरल्याचे चोचले झाले. चळवळीतल्या मित्रांनीही आम्हाला तेच ऐकवले. जयंतीची वर्गणी गोळा करणारा, अभ्यासवर्ग चालवणारा कार्यकर्ता आता दोर आणि पाठपिशवी घेऊन किल्ले चढणार काय? सगळ्यात नेमके बोलली ती आमची आई. "आमी डोंगरात लाकडाला जायचो. डोईवर मोळी, पाठीमागं रखवालदाराच्या शिव्या. तुमी डोंगरात कशाला जाता रं, हौसंनं?" तिच्या दृष्टीने डोंगर म्हणजे कष्ट. तिथे कुणी हौसेने जाईल हे तिच्या मनातच येत नव्हते. आणि आम्हाला नेमके तेच महत्त्वाचे वाटत होते. आईने जो डोंगर मोळीखाली वाकून पाहिला, तो आमच्या मुलीने मान वर करून पाहावा.

हा नाद आम्हाला लागला तो कान्हेरीमुळे. चाळीतली मंडळी वर्षातून एकदा डबे घेऊन बोरिवलीच्या जंगलातील त्या लेण्यांना जात. शंभरावर लेणी, कातळातले पाण्याचे टाके, भिक्खूंचे दगडी बाक. बाकीची मुले माकडांच्या मागे धावत आणि आम्ही सर्वांत वरच्या लेण्यापर्यंत जाऊन बसत असू. पुढे नोकरी लागल्यावर शनिवारी रात्रीची कसारा लोकल हा आमचा नेम झाला. त्या काळी सरकारी कचेऱ्यांना दुसरा आणि चौथा शनिवारच सुट्टीचा असे. पाच दिवसांचा आठवडा २०२० च्या फेब्रुवारीअखेर आला. म्हणजे रात्रभर फलाटावर, पहाटे एसटी, दुपारी माथ्यावर आणि सोमवारी सकाळी पुन्हा आवक-जावक नोंदवहीसमोर. आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "अर्धा जन्म कसाऱ्याच्या गाडीत जाणार असेल, तर कसाऱ्याच्या पलीकडेच राहायला जाऊ या." त्या स्वतः उत्तम चालतात, हे सांगायला हवे, चढावर आम्ही नेहमी त्यांच्या मागे असतो.

नाशिक हे काही शिमला-दार्जिलिंगसारखे डोंगरावर वसलेले शहर नव्हे. ते गोदावरीकाठच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पण गच्चीवर उभे राहिले की बहुतेक बाजूंना डोंगर दिसतो. पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरी, उत्तरेला सातमाळा, दक्षिणेला कळसूबाईची रांग. कळसूबाई हे १६४६ मीटरचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, तर बागलाणातला साल्हेर हा १५६७ मीटरचा राज्यातला सर्वांत उंच किल्ला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले त्यात हा साल्हेर आहे. पहाटे घरून निघून रात्री घरी जेवायला परत यावे, असे किल्ले या जिल्ह्यात इतके आहेत की बारा वर्षांत आमचे सगळे झालेले नाहीत.

घर मिळणे मात्र किल्ल्याहून अवघड गेले. पाथर्डी फाट्याच्या बाजूला आम्ही सहा घरे पाहिली. एका मालकाने ठरल्याप्रमाणे विसार घेतला, पावती लिहायला बसले, आडनाव विचारले आणि पेन खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी, पुतण्या राहायला येणार आहे, म्हणून पैसे परत आले. पुतण्या आला नाही. त्या घरावर ‘भाड्याने देणे’ ही पाटी आम्ही पुढे तीन महिने जाता-येता पाहिली. सातवे घर एका निवृत्त रेल्वे कामगाराचे होते. त्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, तेव्हा आडनावाचा प्रश्नच आला नाही.

तोटेही सांगतो, कारण आमचे वाचून कुणी बदलीचा अर्ज टाकायचा. मुंबईचा घरभाडे भत्ता गेला, नाशिकचा कमी दराचा लागला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर चाळीतून पायी जात होतो, ते आता आदल्या रात्री गाडी धरावी लागते. बारशापासून मयतापर्यंत धावून येणारी चाळीतली माणसे तुटली. पहिले वर्षभर आयुष्मती संध्याकाळी दार उघडे ठेवून बसत, चाळीच्या सवयीने. पण कुणी डोकावत नसे. दारापुढून फक्त भाजीवाला जाई. असो.

डोंगरातही सगळे सुखाचे नव्हते. सुरुवातीला आम्ही एका गिर्यारोहण मंडळाबरोबर जात असू. माणसे चांगली होती, दोर कसा बांधावा हे त्यांनीच शिकवले. पण एकदा माथ्यावर डबे उघडताना एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "तुमच्यातही याची आवड आहे, हे पाहून बरं वाटलं!" वाईट हेतू नव्हता. पण किल्ल्यांशी आमचे नाते जणू कालपरवाचे आहे, असा तो सूर होता. जुन्या काळी किल्ल्यांच्या घेऱ्यातील राखण, रानातल्या वाटांवरची नजर ही कोळी, रामोशी आणि महार यांच्याकडे असे. ब्रह्मगिरीच्या पाठीवर मेटघर किल्ला नावाचे गाव आजही आहे; मेट म्हणजे पहाऱ्याची चौकी. तेथील शेवाळलेल्या पायऱ्यांवर उभे राहिलो की आमच्या मनात येते, थंडीपावसात इथे रात्र काढणारा जो कुणी होता, त्याला हे डोंगर किती पाठ असतील!

दुसरा प्रसंग २०१५ च्या मे महिन्यातला. एका किल्ल्याखालच्या गावात मुलीला तहान लागली म्हणून पाणी मागितले. ओट्यावरच्या म्हातारीने आधी गाव विचारले, मग आडनाव, मग जात. आम्ही सांगितली. तिने तांब्या आणला आणि हातभर उंचावरून मुलीच्या ओंजळीत पाणी ओतले. मुलगी आठ वर्षांची होती. तिला ती गंमत वाटली, ती हसतच प्याली. उतरताना तिने विचारले, "आजी पेला का नाही देत?" त्याच दिवशी, दीड तासाच्या वाटेवर, एका ठाकर कुटुंबाने आम्हाला चुलीपुढे बसवून नागलीची भाकरी आणि ठेचा वाढला होता आणि त्यांच्याच पेल्यातून पाणी दिले होते. दोन्ही घरे तिने एकाच दिवशी पाहिली, त्यामुळे प्रश्न टाळता येईना.

रात्री आम्ही तिला दौलताबादची हकिकत सांगितली. १९३४ साली परमपूज्य बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. म्हणजे आज आपण जिला सहल म्हणतो तीच. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. रमजानचे दिवस होते. प्रवासाने धुळीने माखलेली ती मंडळी दरवाजाजवळच्या हौदातील पाण्याने हातपाय धुऊन पुढे निघाली, तोच अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला आणि जमाव जमला. पुष्कळ वादावादीनंतर आत जाऊ दिले, ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन, किल्ल्यात कुठेही यांनी पाण्याला हात लावू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे सर्व स्वतः लिहून ठेवले आहे. बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस! मुलीने विचारले, "मग ते गड बघून आले की परत गेले?" बघून आले, आम्ही म्हणालो. तिला तेवढे उत्तर पुरले.

पुढच्या रविवारी तिला त्रिरश्मीवर नेले. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. शिलालेखात डोंगराचे नाव तिरण्हु असे आहे आणि ही २४ लेणी बौद्धांची आहेत. सुमारे दोनशे पायऱ्या चढल्या की एका ओळीत लेणी लागतात. राजामहाराजांचे लेख तिथे आहेतच; तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची कीर्ती कोरून ठेवली आहे. पण आम्ही कारकून, आमचा जीव हिशेबात. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या लेण्यात मुदतठेवीची नोंद दगडावर आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. एकीकडे २००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून, वर्षावासाला त्या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आम्ही तिथेच बोटांवर हिशेब केला. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कार्षापणाचाही फरक नाही! एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ताळेबंद जुळलेला पाहून बीकॉम झाल्याचे सार्थक वाटले.

आणि एवढ्यावर थांबत नाही. एक लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने कुटुंबासह दिलेले आहे. एक लेणे आणि पाण्याची दोन टाकी दशपूरच्या वुधिक नावाच्या शकाने दिली आहेत. लेखात त्याचा व्यवसाय ‘लेखक’ असा कोरला आहे. लेखक म्हणजे तेव्हाचा लिहिणारा कारकून, आमच्याच जातकुळीचा म्हणायचा! टाक्याला त्या लेखांत पोढी म्हणतात. एका कारकुनाने आपल्या कमाईतून डोंगराच्या पोटात पाणी साठवून ठेवले. मुलगी टाक्याच्या कडेला पालथी पडून आत वाकून पाहत होती. तिला शिपायाने हटकले नाही.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी वस्तीतील मुलामुलींना घेऊन आम्ही निघतो. आधी त्रिरश्मी, मग रामशेज, मग अंजनेरी, आणि पाय तयार झाले की बारी गावातून लोखंडी शिड्यांनी कळसूबाई. अभ्यासवर्गाला न येणारी मुले इथे येतात आणि उतरताना येवल्याची १९३५ ची घोषणा नि काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह यांवर बोलतात. दोन्ही याच जिल्ह्यातले. रामशेज दिंडोरीच्या वाटेवर, आणि दादासाहेब गायकवाडांचे आंबे गाव दिंडोरी तालुक्यातच, हे त्यांना तिथे सांगितलेले लक्षात राहते. खर्च म्हणावा तर एसटीचा. बूट महागाचे लागत नाहीत, तळ गुळगुळीत नसला म्हणजे झाले. माणशी दोन लिटर पाणी घरूनच घ्यायचे. पावसाळ्यात मात्र हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर आणि धबधब्यांच्या कड्यावर आम्ही मुलांना नेत नाही, आईवडिलांनी कितीही आग्रह केला तरी. कातळ ओला असला की पाय कुणाचाही सटकतो.

आई २०१८ पर्यंत वरळी सोडायला तयार नव्हती. आता आमच्याकडे असते, गुडघे दुखतात, तरी सकाळी गच्चीवर जाऊन त्रिरश्मीकडे तोंड करून वंदना म्हणते. डोंगरावरून आल्यावर नातीला विचारते, "लाकडं होती का गं तिथं?" आणि स्वतःच हसते.

मुलगी आता अठरा वर्षांची आहे. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतील २८ दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा अर्ज तिने भरला आहे. पैशांची जुळवाजुळव झाली. उरले ते वसतिगृहासारख्या तंबूत महिनाभर राहण्याचे, आणि त्यावर घरात तीन रात्री चर्चा चालली. काका म्हणाले, स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव, डोंगर पळून जात नाही. मुलगी म्हणाली, क्लासही लावीन. आईने दोघांचे ऐकून घेतले आणि थंडी किती असते ते विचारले. बर्फ असतो म्हटल्यावर ती दुसऱ्या दिवशी आयुष्मतींना घेऊन मेन रोडला गेली आणि लोकरीचे आठ गुंडे घेऊन आली. निळा रंग निवडला आहे. एक बाही झाली आहे.