भात खा, हंडा उचलू नकोस

ती. स्व. मावशीस,


पाठीवरची गाठ काढायचं नक्की केलंस, फार बरं वाटलं. वेळही चांगली धरलीस. सोंगणी-झोडणी उरकली, भात घरात आला, आवणी अजून लांब आहे. राजूरच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात अंगावरचं लुगडं दिवसभर ओलं असतं. तेव्हा हे काम काढलं असतंस तर मीच अडवलं असतं. पौषातल्या कोरड्या थंडीत घाम नसतो, पट्टी जागची हलत नाही.

दिवाळीत तुझी गाठ मी चाचपून पाहिली होती. डाव्या फऱ्यावर, बोटाने ढकलली की कातडीसकट सरकणारी, मधोमध काळा ठिपका. कातडीचाच पदर आत वळून त्याची बंद पिशवी झालेली असते आणि तिच्यात पांढरा चोथा साचत जातो. दाबून किंवा सुईने टोचून चोथा तेवढा निघतो, पिशवी तशीच राहते आणि पुन्हा भरते. शेजारीण काहीही म्हणो, कुणाला ती दाबू देऊ नकोस. जंतू शिरून ती ठणकायला लागली, तर डॉक्टर आधी तिच्यातला पू काढतील आणि मूळ काम महिना-दोन महिने पुढे जाईल.

फोन ठेवता ठेवता तू हळूच विचारलंस, "तसलं काही नसेल ना गं?" अशी वर्षानुवर्षांची, सरकणारी, ठिपक्याची गाठ बहुधा निरुपद्रवीच असते. तरीही काढलेली गाठ तपासणीला पाठवा, असं डॉक्टरांना सांग. ती औषधाच्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत जाते आणि काही दिवसांनी लेखी उत्तर येतं. मनातली भीती त्या कागदानेच जाईल, माझ्या बोलण्याने नाही.

जाण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने, काढे आणि चूर्णंसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नकोस, डॉक्टर सांगतील तसं कर. एखाद्या इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही सांग. साखर तपासून घे. ती वाढलेली असली की जखम रेंगाळते. सकाळी साबणाने अंघोळ कर, पाठीला तेल-पावडर काही नको. तेवढाच भाग बधिर करणार असल्याने सहसा उपाशी राहावं लागत नाही, पण आदल्या दिवशी एकदा विचारून घे. पुढून बटणांचं, सैल पोलकं घाल. हात मागे न नेता ते काढता-घालता आलं पाहिजे.

आणि मिश्री. मावशी, हे तुला आवडणार नाही, पण मी रोज शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभी असते आणि तंबाखूवाल्यांच्या जखमा रेंगाळताना बघते. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखमेच्या कडांना रक्त कमी पोचतं. आजपासून मिश्रीची डबी सुनेच्या हवाली कर.

टेबलावर पालथं झोपवतील. बधिर करायची सुई टोचताना काही क्षण चांगलीच आग होते, तेव्हा लांब श्वास सोड. ते औषध लिग्नोकेन, 1943 साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी तयार केलेलं. नंतर दुखत नाही, पण ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं कळत राहतं. त्याला घाबरू नकोस. दुखलंच तर बोल. अजून औषध देता येतं.

हे औषध नव्हतं तेव्हाही आपल्याकडे कातडीची कामं होत होती. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं. पुण्याकडच्या एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं, आणि 1794 साली ती हकीकत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. मला त्यातली पुढची शुश्रूषा फार मोलाची वाटते. कातडी सांधली तिथे कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या आणि चार दिवस तिथे हात लावायचा नाही. रोग्याला पाच-सहा दिवस उताणं झोपवून ठेवायचं. जखमेला निवांतपणा लागतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

तुझ्या बाबतीत माझी सगळी काळजी इथेच आहे. गाठ अर्ध्या-पाऊण तासात निघेल, आणि तू दुसऱ्या दिवशी डोक्यावर हंडा घेशील. हात वर गेला की पाठीची कातडी ताणते. पाठीचे टाके साधारण 12 ते 14 दिवसांनी काढतात. तेव्हा जखम मिटलेली दिसते, पण आतून फार कच्ची असते. महिना-दीड महिन्यानंतरही तिथली कातडी मूळच्या निम्म्या ताकदीची असते. म्हणून टाके निघाले तरी महिनाभर पाणी, सरपण, गवताचा भारा काहीच नाही. घरच्यांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना बोलायचा संकोच वाटत असेल तर मी बोलते.

पट्टी पहिले दोन दिवस कोरडी ठेव. रक्ताने भिजली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून 15 मिनिटं धरायला लाव, मध्ये उचलून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठ. हळद, चुना, राख, कुठल्या झाडाचा चीक, काही लावू देऊ नकोस. थोडं दुखणं, खाजणं चालतं. पण तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी जीप धरून दवाखान्यात जा.

आता जेवणाचं. पांढरं खाल्लं की टाक्यात पू होतो म्हणून तुझा भात बंद करतील, अंडं बंद करतील, दही बंद करतील. पू जंतूंमुळे होतो, भातामुळे नाही. भाताच्या मुलखात भात तोडला तर तू खाणार काय? आपला काळभात पोटभर खा. सोबत डाळ, हुलग्याचं कालवण, अंडी, मासे घे. कातडी सांधायला हेच लागतं. आवळा, लिंबूही असू दे.

टाके काढायला मी येते, रजा टाकली आहे. महाशिवरात्रीला अगस्तीच्या यात्रेला जाशील तेव्हा नातवाला कडेवर घेऊ नकोस, चालू दे त्याला. आणि तपासणीचा कागद हातात आला की लगेच फोन कर. घरी वाचता आला नाही तर फोटो पाठव, मी वाचून सांगते.

तुझी भाची