इटली नंतर, आधी प्रकाशा!

ऑफिसात सध्या इटलीची हवा आहे. कुणाचा फोटो फ्लॉरेन्सच्या ड्युओमोसमोर, तर कुणाचा लेक कोमोच्या बागेत. व्हिसा, सुट्टी आणि ईएमआय यांचं गणित जमेपर्यंत आपण काय करायचं? सरळ नंदुरबार गाठायचं! पुरातन देवळं आणि हिरवा डोंगर, दोन्ही एकाच दिवसात.

मी भल्या सकाळी निघालो. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरची वाळत घातलेली दिसते. जमिनीवर लालभडक गालिचा आणि नाकात झणका! पहिला थांबा प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वर, संगमेश्वर. लोक याला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. काशी करून आलात तरी इथे आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इकडे मानतात. १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात इथे थेट ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या खुणा सापडल्या. ड्युओमोचं काम सुरू झालं १२९६ मध्ये. म्हणजे आपलं प्रकाशा त्याहून दोन हजारांवर वर्षांनी थोरलं!

घाटावर एक कुटुंब अस्थी घेऊन आलं होतं. कॅमेरा बॅगेतच राहू दिला.

मग शहादामार्गे तोरणमाळ. सातपुड्याचा वळणावळणाचा घाट चढून हजार मीटरच्या वर पोचलो की हवाच बदलते. यशवंत तलाव, कमळ तलाव, सीताखाईची खोल दरी, मच्छिंद्रनाथांची गुंफा. इटलीतल्या बागांसारखी इथे कातरलेली झुडपं नाहीत, पण जंगल आहे, सीताफळं आहेत आणि भरपूर शांतता आहे. गोरखनाथांच्या मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, सातपुड्यातले आदिवासी लांबून येतात.

आणि इथेच खरी मेख आहे. इटलीत चर्चमध्ये शिरताना आपण मुकाट खांदे झाकतो, आवाज खाली आणतो. मग सातपुड्यात गाडीचा स्पीकर फुल्ल कशाला? आपला ‘स्पॉट’ हे भिल्ल-पावरा मंडळींचं घर आहे, त्यांचं देऊळ आहे. न विचारता फोटो नको, तलावाकाठी बाटल्या नकोत. आणि सीताफळांची पाटी घेऊन बसलेल्या मावशींशी घासाघीस तर अजिबात नको!

कसं जाल? सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार स्टेशन. तिथून प्रकाशा, शहादा, तोरणमाळ असा सरळ क्रम. घाट अंधार पडायच्या आत उतरा आणि परतताना शेवभाजी चुकवू नका.