तुकड्यांचा मुलूख

धारच्या लाट मशिदीच्या आवारात एक लोखंडी खांब आडवा पडला आहे. खरं तर खांबाचे तीन तुकडे, चौथऱ्यावर मांडून ठेवलेले. थोरला 24 फुटांहून थोडा अधिक, मधला साडेअकरा फुटांचा, धाकटा साडेसात. बेरीज 43 फुटांच्या पुढे जाते. शाळेच्या पुस्तकात ज्याचं कौतुक असतं तो दिल्लीचा लोहस्तंभ 24 फुटांच्या आतच आहे. पण तो उभा आहे. उभ्या खांबासमोर लोक फोटो काढतात, आडव्याला वळसा घालून पुढे जातात.

मांडूला निघालेल्या गाड्या तर धारला वळसाही घालत नाहीत. इंदूरहून धार पासष्टेक किलोमीटर, तिथून मांडू आणखी पस्तीसेक. ड्रायव्हर चहापुरता थांबतो आणि म्हणतो, ‘धार में क्या है साहब, असली चीज तो मांडू में है.’ त्याचं चुकत नाही. मांडूत जहाजमहाल आहे, हिंडोळामहाल आहे, बाजबहादूर आणि रूपमतीची गोष्ट आहे. मांडूचे महाल पडके असले तरी त्यांची गोष्ट अख्खी मिळते. धारमध्ये गोष्टसुद्धा तुकड्यांनीच मिळते.

या खांबाचंच घ्या. तो कुणी घडवला, कोणत्या विजयासाठी उभारला, यावर विद्वानांचं एकमत नाही. भोज राजाचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं. दिलावरखानानं 1405 मध्ये मशीद बांधली आणि खांबामुळे तिला लाट मशीद हे नाव पडलं. अकबराच्या दख्खन मोहिमेच्या काळातला फारसी लेख त्याच्यावर आहे. गुजरातच्या बहादूरशहाला हा खांब उचलून न्यायचा होता आणि उकरताना तो पडून मोडला, असं जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो. पुढे जहांगीरलाही मोह आवरला नाही. मोठा तुकडा आग्र्याला न्यायचा आणि बापाच्या कबरीच्या आवारात त्याचा दिवा करायचा, असा त्याचा हुकूम होता. तुकडा अजून धारलाच आहे. बादशहाचा हुकूम आणि सरकारी काम यांचं नातं तेव्हाही असंच असावं.

धारची भोजशाळा देऊळ की मशीद, या वादात मी इथे शिरत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तिथे सापडलेल्या एका शिळेविषयी मात्र सांगायलाच हवं, कारण तिच्याबद्दल कुणी भांडत नाही आणि म्हणून कुणी बोलतही नाही. धार संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांना 1903 मध्ये ती मिळाली. काळ्या दगडावर बारीक अक्षरांत एक अख्खं नाटक कोरलेलं असावं, अशी आशा ती बघताना वाटते. नाटकाचं नाव ‘पारिजातमंजरी’, कर्ता राजगुरू मदन, काळ तेराव्या शतकाचा आरंभ. नायक दुसरा कुणी नव्हे, तेव्हाचा राजा अर्जुनवर्माच. गुजरातच्या राजाला हरवल्यावर त्याच्या छातीवर पारिजाताचा तुरा येऊन पडतो आणि त्याची तरुणी होते. दुसऱ्या अंकात राणीच्या कानातल्या अलंकारात राजाला त्या तरुणीचं प्रतिबिंब दिसतं. राणीला उमगतं, ती रुसते, आणि दोन अंकांवर शिळा संपते. नाटक चार अंकी होतं. उरलेले दोन अंक ज्या दुसऱ्या शिळेवर असणार, ती आजवर मिळालेली नाही. आठशे वर्षं झाली, राणीची समजूत निघालेली नाही.

धारची आणखी एक वस्तू बघायची तर लंडनला जावं लागतं. 1034 सालची संगमरवरी देवी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 1875 मध्ये ती धारला सापडली. धारची माणसं तिला वाग्देवी म्हणतात, संग्रहालयाच्या पाटीवर ती जैनांची अंबिका आहे. पायाशी कोरलेला लेख वाचला तर गंमत कळते. वररुची नावाच्या दात्यानं आधी वाग्देवी घडवून घेतली आणि मग ही अंबा, असं तो लेख सांगतो. म्हणजे परत मागितली जाते ती एक मूर्ती, आणि हरवलेली आहे ती बहुधा दुसरीच. तिचा शोध कुणी घेत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

धारच्या किल्ल्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. मोडक्या मूर्ती, खांबांची शीर्षं, नाव न लागलेले देव. मराठी माणूस तिथे गेला की त्याला खरबुजा महाल दाखवतात आणि सांगतात, दुसरा बाजीराव इथे जन्मला. महाल कोणता याचा आग्रह मी धरणार नाही, पण जन्म या किल्ल्यातला खरा, 10 जानेवारी 1775 चा. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादा वणवण फिरत होते आणि त्यांची गरोदर पत्नी आनंदीबाई धारच्या पवारांच्या आश्रयाला होत्या. पेशवाईचा शेवटचा अंक पुण्यात सुरू झाला असं आपण धरून चालतो. त्याचा पात्रपरिचय धारच्या तटबंदीआड झाला होता.

पण धारमधली माझी आवडती जागा वेगळीच आहे. खांडेराव टेकरीवर शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे. फडके मूळचे वसईचे. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. मुंबईत राहिलेल्या प्रत्येकानं तो पाहिला आहे आणि शिल्पकाराचं नाव बहुतेकांना ठाऊक नाही. पवार राजांच्या बोलावण्यावरून ते धारला आले आणि इथलेच झाले. लक्ष्मी कला भवनात त्यांनी पोरांना शिकवलं. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर त्यांच्याच विद्यार्थ्यांपैकी. 1961 मध्ये फडक्यांना पद्मश्री मिळाली, 1972 मध्ये ते गेले.

तयार पुतळा चौकात जातो, त्याला हार पडतात, कबुतरं बसतात. स्टुडिओत उरतं ते त्याच्या आधीचं प्लास्टर. कुठे नुसतं डोकं, कुठे खांद्यापर्यंतचा देह. ओतकाम झालेला पुतळा गुळगुळीत, ठाम असतो. प्लास्टरवर हाताची घाई दिसते, गालावर चुकून राहिलेला अंगठा दिसतो. मला विचाराल तर पुतळा बघण्याची खरी जागा चौक नव्हेच. चौकात आपण माणसाला नमस्कार करतो, शिल्प बघतच नाही.

माळव्यातल्याच देवासची मोडतोड आणखी न्यारी. तिथे दगड किंवा लोखंड फुटलं नाही, गावच दोन झालं. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेले तुकोजी आणि जिवाजी पवार हे सख्खे भाऊ. त्यांनी मिळून संस्थान केलं, पुढे वाटण्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, आणि राजधानी एकच. मुख्य रस्त्याच्या एका बाजूचा अंमल एकाचा, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्याचा. पाणी आणि दिवाबत्तीची व्यवस्थासुद्धा वेगवेगळी. वर टेकरीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना बडी माता, छोटी माता म्हणतात. भाऊबंदकीचं संग्रहालय कुणी काढलं तर त्याची जागा ठरलेलीच आहे.

थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे 1921 मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. नवा राजवाडा बांधून पूर्ण होण्याआधीच ढासळतो आहे, हे त्यानं घरी कळवलं. गोकुळाष्टमीच्या उत्सवात तो स्वतः अनवाणी सामील झाला. महाराज देवापुढे नाचत होते, गुलाल उडत होता, आणि त्या सगळ्या गोंधळात काहीतरी खरं आहे, हे या नास्तिक माणसाला जाणवत राहिलं. ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागातला कृष्णजन्म तिथून आला. त्याची पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ या नावानं 1953 मध्ये छापली गेली. ती देवी म्हणजे हीच टेकरीवरची. तोवर महाराज कर्जात बुडून पाँडिचेरीला निघून गेले होते आणि तिथेच 1937 मध्ये वारले होते. त्यांचा मुलगा विक्रमसिंह हा शाहू महाराजांच्या लेकीचा मुलगा. 1947 मध्ये तो कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून दत्तक गेला. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात पेंढा भरलेले वाघ बघत आपण ज्या शहाजी छत्रपती म्युझियममधून फिरतो, ते त्याच्या नावाचं. देवासचा एक तुकडा तिथे आहे.

आणि त्याच देवासात, टेकरीच्या पायथ्याशी, माताजीच्या रस्त्यावर गायक कुमार गंधर्वांचं घर ‘भानुकुल’ आहे. 1948 च्या जानेवारीत ते क्षयानं खंगून देवासला आले, कोरडी हवा मानवेल म्हणून. पाचेक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायांची माळवी गाणी आणि नाथपंथी जोग्यांची भजनं कानावर पडत राहिली. पुन्हा गायला लागले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेलं होतं. गळ्यात आता लांबलचक तानांऐवजी छोट्या, झडप घालणाऱ्या फेकी आल्या. हे आजारानं झालं की विचारानं, यावर जाणकार वाद घालतात. मला वाटतं, लहानपणी दुसऱ्यांच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करून वाहवा मिळवलेल्या माणसाला अखंड, घोटीव गाण्याचा कंटाळा आधीच आला असावा. आजारानं त्याला निमित्त दिलं. माळव्याच्या त्या तुटक धुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले. 12 जानेवारी 1992 रोजी ते गेले, देवासलाच.

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना एक विनंती. उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू हा तुमचा ठरलेला फेरा राहू द्या. फक्त मांडूच्या दिवशी धारला दोन तास द्या: लाट मशीद आणि फडक्यांचा स्टुडिओ एवढंच, बाकी नाही दाखवलं तरी चालेल. आणि देवासला इंदूरहून तासाभरात पोहोचता येतं. टेकरी संध्याकाळी चढवा, आणि गाडीत जाताना अंताक्षरीच्या जागी कुमारांच्या माळवी लोकधुना लावा.