गिऱ्हाईक नसलेलं काम

ऑर्डरची पोर्ट्रेट, मुखपृष्ठं, कॅलेंडरं उरकली की चित्रकार ‘आता जरा स्वतःचं’ म्हणतो, तेव्हा आवाजात शाळा सुटल्याचा आनंद असतो. मुदत नाही, रंग बदलायला सांगणारं कुणी नाही, म्हणजे इथे वाटेल ते चालतं, असा समज आमच्या धंद्यात पक्का आहे. मला तो उलटा वाटतो. ऑर्डरच्या कामात कुठे थांबायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. स्वतःच्या कामाची हद्द आपणच आखायची असते. ती आखली नाही तर स्केचबुकं नुसती भरत जातात. या बाबतीत मी मानतो नसरीन मोहमदींना. आपल्याकडे नुसत्या रेघेवर इतका भरवसा टाकणारं त्यांच्याआधी फारसं कुणी नव्हतं.

कराचीत १९३७ साली जन्मलेल्या, लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये शिकलेल्या नसरीन १९७२ पासून बडोद्याच्या ललितकला शाखेत शिकवत होत्या. आजूबाजूला माणसांची, गोष्ट सांगणारी चित्रं जोरात होती. यांनी मात्र माणूस सोडला, रंगही जवळजवळ सोडला. ठेवलं काय, तर कागद, पेन्सिल, शाई आणि आर्किटेक्टच्या टेबलावरची अवजारं. बहुतेक चित्रांना नाव नाही, कित्येकांवर साल नाही. रूलिंग पेन हाताळलेल्याला यातली जोखीम कळेल. हात क्षणभर रेंगाळला की रेघ फुगते. शाई जरा जास्त झाली की पट्टीखाली शिरते आणि कागद बाद. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या जाळ्यांत सारी मदार दोन रेघांमधल्या अंतरावर आहे. अंतर कमी होत गेलं की तिथला कागद मागे सरकल्यासारखा भासतो. पुढे जाळी सुटली, तिरक्या रेघा आणि कमानी कोऱ्या कागदावर तरंगू लागल्या, पण नेमकेपणात सूट नाही.

कुणी म्हणेल, घरची स्थिती बरी, वर नोकरी. हे परवडणाऱ्याचं काम. खरं आहे, आणि ज्याला महिन्याचं भाडं चित्रांतून काढायचंय त्याला नसरीनचं उदाहरण देणं क्रूरपणाच. पण पगाराने वेळ मिळतो. त्या वेळात काय करायचं नाही, हे तो सांगत नाही. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजाराने हात साथ देईना, तरी त्या काळातल्या रेघाही ढळलेल्या नाहीत. त्याचा खुलासा पगारातून होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. त्यांनी वर्षानुवर्षं फोटो काढले, पण हयातीत एकदाही प्रदर्शनात लावले नाहीत. मग तो छंदच ना? १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला त्या वारल्या, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कचं मेट ब्रॉयर संग्रहालय उघडलं ते त्यांच्या प्रदर्शनासकट. पण खासगी काम अखेर फळतंच, असं यावरून कुणी समजू नये. न फळलेल्यांची यादी कुणी ठेवत नाही. उत्तर खुद्द फोटोंतच शोधावं लागतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, फत्तेपूर सिक्रीचा दगड, मागावर ताणलेले धागे, समुद्रकाठ. चित्रं ही यांची नक्कल नव्हे. मागाचा फोटो शेजारी ठेवून चित्रातली रेघ जुळवायला गेलं तर जुळत नाही. जुळतो तो नकार. मागाच्या फोटोत ना विणकर महत्त्वाचा, ना कापडाची नक्षी; धागे कुठून येतात आणि कुठे जातात, हेही चौकटीने कापलेलं.