सैल गाठ

पोत्याचे तोंड शिवण्यात आमच्या पेठेत माझा हात धरणारे फार थोडे होते. सांगलीच्या गणपती पेठेत आमचे भुसाराचे दुकान. सतराव्या वर्षी वडिलांनी हाती दाभण दिले, तेव्हा एकच शिकवण दिली होती : गाठ अशी आवळावी, की वाटेत दाणाही सांडू नये. ती शिकवण मी व्यापारात पाळली, संसारात पाळली आणि साठीनंतर गच्चीवरील काकडीच्या वेलीवरही तिचाच प्रयोग केला. त्याचीच ही हकीकत.

परवाच्या वर्षी दिवाळीत वहीपूजन झाले आणि गल्ल्याच्या किल्ल्या मी चिरंजीवांच्या स्वाधीन केल्या. किल्ल्या दिल्या, पण गादी सोडली नाही. रोज सकाळी तिच्यावर जाऊन बसणे आणि प्रत्येक व्यवहारात लक्ष घालणे चालूच राहिले. एके दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, मागची बाकी आधी मिटवू या, मग नवा माल न्या." मी गादीवरूनच म्हणालो, "लिहून घे आणि माल दे. हे संबंध तुझ्या जन्माआधीचे आहेत." हमाल उभे होते, नोकर ऐकत होते. त्याने मुकाट्याने वहीत लिहून घेतले. त्या दिवसापासून घरी जेवताना दुकानाचा विषय निघेनासा झाला.

सौभाग्यवतींच्या ते लक्षात आले. "हातांना दुसरे काही काम द्या," म्हणत त्यांनी गच्चीचा दहा फूट बाय आठ फुटांचा मोकळा कोपरा मला नेमून दिला. तेलाचे पंधरा किलोचे चार रिकामे डबे घेतले, तळाशी भोके पाडली, माती आणि कुजलेले शेणखत भरले. जानेवारीअखेर प्रत्येक डब्यात तीन बिया अर्ध्या पेराएवढ्या खोल लावल्या. आठवड्याभरात रोपे वर आली. प्रत्येक डब्यात एकच सशक्त रोप राखले. वेली वाढू लागताच शेजारी मनगटाएवढे जाड बांबू रोवले आणि वीत-वीत अंतरावर वेली सुतळीने आवळून बांधल्या. वाऱ्याने हलायलाच नकोत!

मार्चमध्ये वेली शेंड्यापासून कोमेजू लागल्या. पाणी वाढवले, तरी सुधारणा दिसेना. दुकानात माल आणणारे एक शेतकरी सहज गच्चीवर आले, वाकून पाहू लागले आणि हसले. "शेठ, वेल बांधलीय का पोतं शिवलंय?" खोड जाड होत गेले होते आणि सुतळी त्यात रुतली होती. जो आधार मी दिला, त्यानेच तिचा रस अडवला होता. ते म्हणाले, "जाड बांबूला काकडी हात घालत नाही. वरनं बारीक दोरी सोडा. ती तिची ती धरते."

ती रात्र मला झोप आली नाही. कारण केवळ वेली हे नव्हते.

यंदा पुन्हा बी लावले. या वेळी गच्चीच्या लोखंडी पाइपवरून प्रत्येक डब्यावर एकेक सुतळी सोडली. खोड आणि सुतळी यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फेरा दिला, बोट सहज जाईल असा. रोपे कोवळी असताना तांबड्या भुंगेऱ्यांपासून राखण्यासाठी वर पातळ मलमल घातली. फवारणी मनाला रुचणारी नव्हती. फुले येताच मधमाश्यांसाठी ती काढून टाकली. पहिली सगळी फुले नुसतीच गळाली, तेव्हा जीव खालीवर झाला. पण काकडीला आधी नरफुले येतात. मागे इवलीशी काकडी घेऊन येणारी मादीफुले नंतर दिसतात. थांबणे एवढेच काम होते.

खरे नवल तणाव्यांचे. दोऱ्यासारखा तणावा हवेत चाचपडत फिरतो आणि सुतळीचा स्पर्श होताच तिला वेढे घालतो. पुढे त्याचा मधला भाग मळसूत्रासारखा गुंडाळला जातो. काही वेढे एका दिशेने, तर काही उलट दिशेने. डार्विन यांनी वेलींविषयीच्या १८६५ च्या निबंधात याचे बारकाईने निरीक्षण नोंदवले आहे. दोन्ही टोके अडकलेली असताना पीळ न पडता गुंडाळायचे, तर मध्ये दिशा बदलावीच लागते. या वेढ्यांमुळे तणाव्याला स्प्रिंगची लवचीकता येते. वारा आला की तो ताणतो, वारा गेला की वेलीला पुन्हा जवळ ओढतो. धरणे आणि आवळणे यांतला भेद मी चाळीस वर्षे सुतळी हाताळूनही शिकलो नव्हतो.

फेब्रुवारीत मी गादीवरून उठून दाराशेजारच्या बाकावर बसू लागलो. मार्चपासून बोलावल्याशिवाय दुकानात जाणे सोडले. कठीण गेले, हे कबूल करतो. आपल्या घराण्यांत किल्ल्या पुढे देणारे अनेकजण ही कळ जाणत असतील.

एप्रिलच्या एका सकाळी मुलगा गच्चीवर आला. त्या जुन्या गिऱ्हाइकाशी त्याने दरमहा थोडे थोडे, असे ठरवून घेतले होते. बाकी निम्म्यावर आली होती आणि त्यांचे येणेही सुटले नव्हते. मग म्हणाला, "अण्णा, यंदा तूर आताच भरून ठेवावी का?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होते. मी म्हटले, "तुझा अंदाज काय?"

तो पाव तास बोलत राहिला. एक मुद्दा मला पटला नाही. तो मी सांगितला आणि थांबलो. "बघतो," तो म्हणाला. खाली जाताना दोन काकड्या तोडून घेऊन गेला.